सहा बोर्डांवरची निळी तार

१

बपेऱ्याच्या पंपघरातून काढून आणलेला आठ नंबरचा बोर्ड शनिवारी सकाळी माझ्या टेबलावर आला. तो जळलेला नव्हता, तुटलेला नव्हता, त्याला ओलही लागलेली नव्हती. एका माणसाची दोन बोटे त्या बोर्डामुळे गेली की त्याच्या स्वतःच्या चुकीमुळे, हे मला सोमवारपर्यंत लिहून द्यायचे होते.

१९८८ चा एप्रिल होता. भंडाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत भैय्यालालजींचा लहानसा कारखाना होता. त्यांना सगळे भैय्याजी म्हणत. घरचा धानाचा व्यापार भावावर सोपवून त्यांनी उपसा सिंचनाच्या पंपांसाठी कंट्रोल बोर्ड बनवायला सुरुवात केली होती. मी नागपूरहून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. होऊन तिथे लागले होते. कॉम्प्युटरवर बोर्डाचे आराखडे काढणे हे माझे काम.

बपेऱ्याला वीज कधी येईल आणि कधी जाईल याचा नेम नसे. म्हणून सिंचन खात्याने नव्या बोर्डात एक सोय मागितली होती: वीज परत आली की पंप दोन मिनिटांनी आपोआप सुरू व्हावा. पण कोणी पंप फिरवणाऱ्या पट्ट्याजवळ दुरुस्तीला जाणार असेल तर त्याने आधी किल्ली फिरवून कुलूप लावायचे, म्हणजे वीज आली तरी पंप हलणार नाही. टिकाराम हा तिथला ऑपरेटर. त्याच्या जबाबात असे होते की त्याने किल्ली फिरवली, पट्ट्यात गुंतलेली पोत्याची सुतळी काढायला डावा हात घातला, आणि पंप सुरू झाला.

"त्यानं किल्ली फिरवलीच नसन," भैय्याजी म्हणाले. "सारा गाव हेच म्हणून राहिला. फिरवली असती तं पंप चालू कसा झाला?"

"बोर्ड तपासल्याशिवाय असं म्हणता येणार नाही."

"मंग तपासा ना. सोमवारी अकराला खात्याचे इंजिनियरसाहेब येऊन राहिले. टिकारामची गलती असन तं त्याची नोकरी गेली, भरपाई गेली. आपली असन तं आपल्यातल्या कोणाची हाय ते लिहून पाहिजे. पर एक सांगतो म्याडम, एकच नाव लिहा. दोन नावं दिसले का साहेब तिसरं शोधते."

त्या मालिकेतले एकूण दहा बोर्ड होते. आठ नंबरचा तेवढा बपेऱ्याला लागला होता, बाकीचे नऊ कोठीत पडून होते. मी ते मागवून घेतले आणि टेबलावर ओळीने पालथे मांडले.

एक ते सहा नंबरच्या प्रत्येक बोर्डाच्या मागच्या बाजूला, तांब्याच्या रेषांवरून, बोटभर लांबीची एक निळी तार डाग देऊन जोडलेली होती. सात ते दहावर ती नव्हती. बपेऱ्याच्या आठ नंबरवर अर्थातच नव्हती.

माझ्या आराखड्यात अशी कोणतीही तार नव्हती.

मी दहाही बोर्ड एकेक करून चाचणीच्या फळीवर लावले, वीज दिली, किल्ली फिरवली, वीज बंद करून पुन्हा दिली. निळी तार असलेल्या सहा बोर्डांचे कुलूप लागले. तार नसलेल्या चारांचे लागले नाही. दोन मिनिटे झाली आणि मोटरीच्या जागी लावलेला बल्ब शांतपणे पेटला.

म्हणजे टिकारामने किल्ली फिरवली असली काय आणि नसली काय, पंप सुरू होणारच होता. त्याचा जबाब खोटा मानायला आता काही आधार उरला नव्हता.

भैय्याजी माझ्या खांद्यामागून पाहत होते. त्यांनी जोडणीचे रजिस्टर उघडले. दहाही बोर्डांसमोर एकच नाव होते.

"कुंता," ते म्हणाले. "जिनं सहावर टाकली, तिनंच चारवर नाही टाकली. बोलवा तिले."

२

कुंताबाई सिहोऱ्याच्या. घरी धानाची शेती, पण चार वर्षांपासून त्या आमच्याकडे डाग देण्याचे काम करत होत्या, आणि त्यांच्या हातचा डाग कधी सुटलेला मी पाहिला नव्हता. पन्नाशीच्या आसपास वय. बोलणे कमी. अधूनमधून हातात काहीतरी घेऊन त्या माझ्या टेबलाजवळ येत आणि हळू आवाजात काही सांगत. मी उत्तर देत असे, बहुतेक वेळा पडद्यावरून नजर न काढता.

आता त्या भैय्याजींच्या खोलीत उभ्या होत्या. मी बसा म्हटले, तरी बसल्या नाहीत.

"ही तार कोणी टाकली, कुंताबाई?"

"म्याच टाकली."

"काहून?" भैय्याजी मध्येच म्हणाले. "चित्रात हाय का तार? तुले कोण म्हणलं इंजिनियरिंग कर म्हणून?"

"पाय कोरडा होता, भैय्याजी."

"कोरडा म्हंजे?"

त्यांनी एक बोर्ड उचलला आणि खिडकीच्या उजेडासमोर धरला. उजेडात तांब्याच्या रेषा काळ्या दिसतात, मधला पातळ भाग हिरवट. "हे पाहा. हे सारं बांध्यांवाणी हाय. एका बांधीतून दुसरीत पाणी जाते. आत याले वाट पाहिजे, बाहेर जाले वाट पाहिजे. या तिसऱ्या रिलेच्या बांधीत पाणी येते, पर बाहेर जाले धुरा फोडलाच नाही. मंग पाणी वाहीन कसं?"

बांधी म्हणजे धानाचे खाचर, धुरा म्हणजे त्याचा बांध. मी भिंग लावून पाहिले. तिसरा रिले म्हणजेच कुलूप. किल्ली फिरवली की त्याच्यातून प्रवाह जातो, तो खेचला जातो आणि मोटरची वाट तोडतो. त्याच्या दुसऱ्या पायाभोवती तांब्याचे एक एकटे बेट होते. ग्राउंडला जाणारी रेषा नव्हती. कुंताबाईंनी ते बेट निळ्या तारेने ग्राउंडला जोडले होते. त्यांचे अगदी बरोबर होते.

"मग सात ते दहावर का नाही टाकली?"

"उन्हाळी धानाची रोवणी लागली होती जी. रोवणाऱ्या बाया भेटल्या म्हणून निरोप आला, तं मी तशीच गेली. चार दिवस."

"आणि रजिस्टर?"

त्यांनी खांदे उडवले. रजिस्टर त्यांचे काम नव्हते.

"पाय कोरडा आहे हे तुम्ही कुणाला सांगितलं होतं का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. नंतर भैय्याजींकडे, नंतर फरशीकडे.

"सांगतलं होतं."

"कुणाला?"

त्यांनी हातातला बोर्ड टेबलावर ठेवला आणि त्याची कड सरळ केली.

"अवं बोल ना!" भैय्याजी टेबलावर हात आपटून म्हणाले. "सांगतलं असन तं तुह्यी अर्धी गलती कमी होते. कोणाले सांगतलं?"

"जाऊ द्या न भैय्याजी. झालं तं झालं."

मी पुन्हा विचारले. मी सौम्यपणे विचारले, याचा मला त्या वेळी थोडा अभिमानही वाटला. "घाबरू नका. ज्याला सांगितलं त्याचं नाव घ्या."

कुंताबाईंचा चेहरा असा झाला की जणू मीच त्यांना काहीतरी वाईट बोलले होते. "कोणालेच नाही म्हणून लिहा," त्या म्हणाल्या आणि न विचारता बाहेर गेल्या.

त्या कुणाला तरी पाठीशी घालत होत्या. मी वहीत नाव लिहिले: श्यामराव. त्याच्यापुढे प्रश्नचिन्हही टाकले नाही.

३

श्यामराव बोर्ड तपासत आणि रजिस्टर ठेवत. तेही सिहोऱ्याचेच, कुंताबाईंना कारखान्यात त्यांनीच आणले होते. माझा तर्क असा होता: कुंताबाईंनी त्यांना सांगितले, त्यांनी कानाआड केले, आणि आता कुंताबाई उपकाराखाली गप्प आहेत.

मी त्यांच्यासमोर रजिस्टर ठेवले. "कुंताबाई चार दिवस रोवणीला होत्या. मग सात ते दहा त्यांनी कसे केले?"

श्यामरावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत लावला. "ते गुलाबनं केले."

गुलाब त्यांची पुतणी, जानेवारीत नवीन लागलेली मुलगी.

"आणि नाव कुंताबाईंचं लिहिलंत?"

"खात्याचं काम नव्या पोरीले द्याचं नाही, असं भैय्याजीचं फर्मान होतं ना. माल सोमवारी पाहिजे, हात एकच, तोही रोवणीले गेलेला. मंग काय मी डाग देऊ? माह्या हातानं तं गवरीलेबी आग नाही लागत." ते हसायला गेले, मला न हसताना पाहून थांबले. "लिवलं खोटं. कबूल."

"कुलपाची चाचणी?"

"चालू-बंद साऱ्यांची केली. कुलपाची दहातून एकाची. वीज घालवा, आना, दोन मिनटं बसा, त्याले टाइम लागते. एक नंबर घेतला. तो पास होता."

एक नंबरवर निळी तार होती. पास होणारच.

"कुंताबाईंनी तुम्हाला कोरड्या पायाबद्दल सांगितलं होतं."

"मले?" श्यामराव खरोखर चकित झाले. "नाही. आईची आन. आन मले सांगून काय फायदा, म्याडम? तांब्याचं मले काय समजते? मले सांगतलं असतं तं मी बोर्ड धरून..." ते थांबले. माझ्या टेबलाकडे पाहिले, आणि चष्मा पुन्हा पुसू लागले.

मी त्यांचे अर्धे वाक्य वहीत लिहिले नाही. त्याला महत्त्व नाही असे मला वाटले.

गुलाब दाराशी उभी राहून बोलली. डोळ्यांत पाणी, पण आवाज ठाम. "चित्रात तार नव्हती. म्हणून मी नाही टाकली. मले शिकवलंच हाय का चित्रात जे हाय तेवढंच कराचं, आपली अक्कल नाही लावाची."

"कोणी शिकवलं?"

"तुमीच, म्याडम. पहिल्याच दिवशी."

ते खरे होते. माझ्या सूचनेप्रमाणे तंतोतंत केलेले चार बोर्ड धोक्याचे निघाले होते, आणि सूचना मोडून केलेले सहा चांगले.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी माझा मूळ आराखडा काढला. त्यात तिसऱ्या रिलेचा दुसरा पाय ग्राउंडला जोडलेला होता. शाईने छापलेली रेषा, तिच्याबद्दल शंकाच नाही. तांब्यात ती रेषा नव्हती.

सकाळपासून मी शोधत होते की चूक दिसूनही गप्प कोण बसले. चूक आली कुठून, हे मी स्वतःला विचारलेच नव्हते. आराखडा आणि तांबे यांच्या मधे फक्त दोन माणसे होती. त्यातला एक नागपूरला होता.

४

आराखडा माझ्या कॉम्प्युटरवर निघे, पण त्यावरून तांब्याच्या रेषा आखण्याचे काम नागपूरच्या एका लहानशा कचेरीत होई, आणि तिथे वेगळेच सॉफ्टवेअर होते. दोन्हींना एकमेकांचे चित्र वाचता येत नसे. त्यांच्यात देवाणघेवाण व्हायची ती फक्त एका यादीची: कोणत्या भागाचा कोणता पाय कशाला जोडायचा. माझे सॉफ्टवेअर ही यादी एका पद्धतीने लिही, त्यांचे दुसऱ्या पद्धतीने मागे. एकातून दुसरी तयार करणारा छोटा प्रोग्राम मी स्वतः लिहिला होता. वर्षभर तो बिनचूक चालला होता. भैय्याजी पाहुण्यांना तो दाखवत.

रविवारी पहिल्या एसटीने मी नागपूरला गेले. आखणी करणारा बाबुलाल सुटीच्या दिवशी कुलूप उघडताना कुरकुरत होता.

"इतवारको भी चैन नाही, म्याडम. अशी काय आफत आली?"

मी टिकारामबद्दल सांगितले. त्याने कुरकुर थांबवली आणि माझी फ्लॉपी मशीनमध्ये घातली.

"तुमची यादी तशीच घेतली आम्ही. एक रेष इकडची तिकडं नाही केली. पाहा."

पडद्यावर ग्राउंडची ओळ आली. आधी नाव, मग जोडायच्या पायांची रांग. मी बोट ठेवून मोजले. पंधरा पाय. पंधरावा दुसऱ्या रिलेचा. तिसऱ्या रिलेचा नव्हता.

"माझ्या यादीत सोळा आहेत," मी म्हटले.

"असतील ना. पण आमचा सॉफ्टवेअर एका ओळीत ऐंशी घरंच वाचतो. पुढचं सोडून देतो. त्याच्यापुढं असेल तर ओळ तोडून खाली घ्यायची, खुणेचं चिन्ह टाकून."

"सोडून देतो, आणि सांगत नाही?"

"अक्षर अर्धं कापलं गेलं तर ओरडतो. साफ कापलं गेलं तर त्याला कसं कळेल?"

मी कागद घेतला. माझा प्रोग्राम ओळीच्या सुरुवातीला नावासाठी पाच घरे ठेवत असे. प्रत्येक पायाला चार अक्षरे आणि एक मोकळे घर, म्हणजे पाच. पंधरा पायांना पंच्याहत्तर. पंच्याहत्तर आणि पाच, ऐंशी. सोळावा पाय बरोबर एक्क्याऐंशीव्या घरापासून सुरू होत होता. काहीही अर्धे कापले गेले नव्हते.

आणि मागच्या वर्षीच्या जुन्या बोर्डात ग्राउंडला पंधराच पाय होते. कुलपाचा रिले यंदा नवीन आला, खात्याच्या मागणीवरून. वर्षभर माझा प्रोग्राम बिनचूक नव्हता; फक्त काठाच्या आत होता.

"ऐंशीची अट मला कुणी सांगितली नव्हती," मी म्हटले. मला वाटते माझा आवाज चढला होता.

बाबुलाल ओशाळला. माझ्यासाठी ओशाळला, हे मला नंतर कळले. त्याने खणातून एक पातळ फाइल काढली. मागच्या वर्षी त्याने मला दिलेल्या नियमांच्या कागदाची ती कार्बन प्रत होती. चौथा नियम ओळीच्या लांबीचा होता. खाली 'मिळाले' असे लिहून माझी सही होती.

"आणि आखणी झाल्यावर आमच्याकडची यादी तुमच्याकडे तपासायला येते," तो हळूच म्हणाला. "तुम्ही ओके करून पाठवली, तेव्हाच तांबं कोरलं."

तीही त्या फाइलमध्ये होती. माझ्या लाल शाईत, माझ्या नीटस अक्षरात: 'जोडण्या ४२. मूळ यादीत ४२. तपासले.'

ग्राउंड ही एक जोडणी. तिच्यात पंधरा पाय असोत की सोळा, जोडण्या बेचाळीसच. मी ओळी मोजल्या होत्या. ओळीतले पाय मोजले नव्हते. बेचाळीस ओळी मोजायला एक मिनिट लागते. सगळे पाय जुळवायला दीड तास लागला असता.

"चहा सांगू का?" बाबुलालने विचारले.

मला नाही म्हणायचे होते, पण मी हो म्हटले. त्याने चहा मागवला. मी तो प्याले.

५

परतीच्या एसटीत मी यंत्रासारखी शेवटचा प्रश्न सोडवत होते. चूक आली कुठून ते कळले होते. पण कुंताबाईंनी कोणाला सांगितले होते? श्यामराव खोटे बोलले नव्हते. गुलाब नवीन होती. भैय्याजींना सांगितले असते तर भैय्याजींनी तसे विचारलेच नसते. कारखान्यात अजून कोण उरले?

मौद्याच्या पुलावर गाडी थांबली असताना मला तो दिवस दिसला. जानेवारी. खात्याच्या कागदांची घाई. टेबलाच्या कडेला एक बोर्ड आणि एक हात, डागांनी पोळलेली बोटे. "म्याडम, या बांधीतून पाणी बाहेर नाही जात." आणि माझा आवाज, पडद्याकडे तोंड करून: "कुंताबाई, शेतीचं इथं नको. चित्रात आहे तसं करा."

मी नागपूरला गेले ती वहीत लिहायला नाव शोधत. ते नाव ठाऊक असलेली बाई काल सकाळी माझ्यासमोर उभी राहून फरशीकडे पाहत होती, आणि मी सौम्यपणे म्हणत होते, ज्याला सांगितलं त्याचं नाव घ्या.

सोमवारी कारखाना उघडायच्या आधीच मी गेले. कुंताबाई पायरीवर बसून होत्या, कामाला आल्या होत्या की काढून टाकले जायला, त्यांनाही ठाऊक नसावे. मी त्यांच्याशेजारी बसले.

"तुम्ही मलाच सांगितलं होतं."

"हो."

"मग परवा बोलला का नाही?"

"तुमीच इचारून राहिले होते ना म्याडम." त्या सरळ माझ्याकडे पाहत होत्या. "मले वाटलं, तुमाले आठवते. आठवूनबी इचारता. म्हंजे माह्या तोंडून 'कोणालेच नाही' हेच तुमाले आयकाचं हाय. मंग म्हणलं, तसं तं तसं."

शाळेत, कॉलेजात, नोकरीत मला अनेक जण रागावले असतील. यापेक्षा वाईट कुणी माझ्याबद्दल काही मानले नसेल, आणि त्यांनी ते रागावून म्हटलेही नव्हते. मला आठवत नव्हते, हे मी त्यांना सांगितले. ते सांगताना मला कळले की ते जास्त वाईट आहे.

"माह्यीबी गलती हायच," त्या म्हणाल्या. "जाताना गुलाबले सांगाले पाहिजे होतं. घाईत राहून गेलं. ते मनातून जात नाही."

"तुम्ही सांगितलं होतं, कुंताबाई. दुसऱ्यांदा सांगायची वेळ यायलाच नको होती."

 माझे म्हणणे त्यांना पटले नव्हते, पण वाद घालण्याइतकी मी त्यांना जवळची नव्हते.

भैय्याजींनी माझा अहवाल उभ्यानेच वाचला आणि दार लावून घेतले.

"हे नाही चालणार. 'जोडणीतला निष्काळजीपणा' लिहा. कुंताले मी भावाच्या मिलमध्ये लावून देतो, उपाशी नाही मरत ते."

"त्यांनी निष्काळजीपणा केलेला नाही. या कारखान्यात बोर्ड नीट पाहणाऱ्या त्या एकट्याच होत्या."

"समजतं मले!" ते खुर्चीवर बसले. "पर समजा तुमी. कुंताचं नाव म्हंजे फक्त कुंताचं नाव. तुमचं नाव म्हंजे कारखान्याचं नाव. डिझाइनच गलत म्हटलं का खात्याची पुढची चाळीस बोर्डाची ऑर्डर गेली. मंग गुलाब घरी, श्यामराव घरी, कुंताही घरीच. तुमचं मन साफ होईन, बाकीच्यांची चूल?"

त्यांचे बोलणे खोटे नव्हते. मी अहवाल त्यांच्या हातातून परत घेतला. तेवढ्यात बाहेर जीप थांबली.

अभियंता वयस्क होते, सावकाश बोलणारे. मी त्यांच्यासमोर दहा बोर्ड पालथे मांडले, आराखडा ठेवला, बाबुलालच्या फाइलमधले दोन्ही कागद ठेवले. नियमांवरची माझी सही. लाल शाईतले बेचाळीस. मग क्रमाने सांगितले: यादी कुठे तुटली, का तुटली, तुटल्याचे कुणाला दिसले, तिने कुणाला सांगितले आणि त्या व्यक्तीने काय उत्तर दिले. श्यामरावांनी रजिस्टरचे आणि चाचणीचे आपण होऊन कबूल केले. भैय्याजी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होते.

"म्हणजे उत्तर देणारी व्यक्ती कोण?" अभियंत्यांनी विचारले. त्यांना कळले होते. तरी विचारले.

"मी."

खोलीत पाच माणसे होती. कुंताबाई दाराजवळ उभ्या होत्या, आणि मी ते म्हणताना त्यांनी मान वळवली. अपराध्याकडे पाहू नये इतकी शालीनता त्यांच्यात होती. मला वाटले, पाहिले असते तर बरे झाले असते.

अभियंत्यांनी लिहून घेतले. ऑपरेटर निर्दोष, त्याच्या भरपाईची आणि नोकरीची शिफारस. कुंताबाईंवर ठपका नाही. ऑर्डरबद्दल वरचे साहेब ठरवतील. माझ्या नावापुढे त्यांनी तीन ओळी लिहिल्या आणि वाचून दाखवल्या. त्यातला एकही शब्द चुकीचा नव्हता. मी सही केली, या वेळी आधी सगळे वाचून.

६

कागद खात्यातून बपेऱ्याला पोचायला आठ-दहा दिवस तरी लागले असते. मी दुसऱ्या दिवशीच तुमसरमार्गे गेले. स्टॅंडवर उतरल्यावर टिकारामचे घर विचारले, तेव्हा पानठेल्यावरचा माणूस म्हणाला, "कोन, तो किल्लीवाला का? जा सरळ." बाकावरचे दोघे हसले.

टिकाराम ओसरीत बसला होता. तिशीचा, सडपातळ. डाव्या हाताला मोठे बँडेज, तो त्याने छातीशी धरला होता. आत त्याची बायको रुखमिणी भांडी घासत होती. पाहुणी आल्याचे पाहून ती दारापर्यंत आली, मला पाणी दिले, आणि नवऱ्याकडे न पाहता आत गेली.

"भरपाईचं का?" त्याने विचारले. "तं मले ठाव हाय, नाही भेटत."

काय बोलायचे ते मी बसमध्ये तीनदा ठरवले होते, क्रमाने, अहवालासारखे. त्यातले काहीच आठवेना. मी म्हटले, "तो बोर्ड मी बनवला. त्यात माझी चूक होती. कुलपाला एक जोडणी नव्हती. किल्ली फिरवली तरी कुलूप लागत नव्हतं. चूक माझी आहे, टिकारामजी. मी माफी मागायला आले."

तो शिव्या देईल, हे मी धरून चालले होते. मला त्या हव्या होत्या, असेही म्हणता येईल. तो माझ्याकडे बघत राहिला. ओठ हलत होते. माझ्या चुकीबद्दल मी जे बोलले ते त्याच्यापर्यंत पोचलेच नसावे.

"म्हंजे," तो म्हणाला, "किल्ली म्या फिरवली होती?"

"हो. फिरवली होती."

"मले वाटाले लागलं होतं का नसनच फिरवली." तो पुटपुटल्यासारखा बोलत होता. "पहिले दोन दिवस मले पक्कं आठवत होतं. मंग सारेच म्हणाले लागले, दारू प्याला असशीन, झोपेत असशीन. बुढा बाप म्हणते, हे घरवाली म्हणते. मंग मी रोज आठवून पाहो, तं हात किल्लीपाशी जातो आन पुढचं दिसतच नाही." तो एकदम आतल्या दाराकडे वळला आणि मग माझ्याकडे वाकला. "म्याडम, जरा मोठ्यानं सांगता का? रुखमिणी आत हाय."

 मी आवाज आतपर्यंत जाईल असे म्हटले, "टिकारामनं किल्ली फिरवली होती. चूक माझी होती."

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

"आनखी एकदा," टिकाराम म्हणाला.